पेरण्याच्या दगडावरील नावे

राहू बेटाकडे येणारी भीमा त्याआधी पेरण्याच्या जयस्तंभाजवळून वाहते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी कंपनी सरकारच्या सुमारे आठशे सैनिकांनी पेशव्यांच्या प्रचंड फौजेशी दिवसभर झुंज दिली. नदी हाकेच्या अंतरावर, पण घशाला पाण्याचा थेंब नाही. स्तंभावर मृतांची ४९ नावे कोरली आहेत. त्यांतील २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. ज्यांना गावच्या पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्यांना परक्या सरकारने दगडावर तरी जागा दिली. डॉ. आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी येथे अभिवादन केले. आजही त्या दिवशी लाखो लोक येतात. पेशव्यांकडून लढलेले अरब आणि गोसावीही त्याच गल्ल्यांत पडले. शिपायांचीच पोरे तीही. त्यांची नावे मात्र त्या स्तंभावर नाहीत.