लय मोजा, मग कात्री चालवा

शिरूरला घोडनदीकाठी किंवा दौंडला भीमातीरी गाण्याचा व्हिडिओ चित्रित करणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी संकलनास बसण्यापूर्वी गीताची लय अवश्य मोजावी. कारण ती मिनिटाला १०० ठोक्यांची आणि चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे असल्यास प्रत्येक ठोका बरोबर १५ फ्रेमनी येतो, आणि त्या हिशेबाने समेवर दिलेला कट नेत्र व कर्ण यांना एकाच क्षणी तृप्त करतो. 

संकलन आटोपल्यावर व्हिडिओला लावायचे यूट्यूबचे १२८० बाय ७२० पिक्सेलचे थंबनेल मोबाइलवर इवलेसे दिसते. म्हणून त्यात एकच चेहरा, मोजका मजकूर आणि वेलांट्या-मात्रांना पुरेशी मोकळीक असावी. कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके स्वहस्ते रंगवीत. ती निष्ठा थंबनेलच्या कामीही अनुकरणीय होय.