म्हाताऱ्या युद्धनौका कुचकामी नव्हत्या

गैरसमज : रिव्हेंज वर्गाच्या ब्रिटिश युद्धनौका दुसऱ्या महायुद्धात निव्वळ ओझं होत्या. त्यांनी एक तरी जर्मन बॅटलशिप बुडवली का?

वस्तुस्थिती : नाही बुडवली. पण त्यांचं काम ते नव्हतंच! हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदा नीट सांगायला हवं.

पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ मध्ये दाखल झालेल्या या पाच नौका १९३९ पर्यंत थकल्या होत्या. वेग जेमतेम वीस नॉट. क्वीन एलिझाबेथ वर्गातल्या तीन नौकांची जवळपास नव्याने बांधणी झाली. रिव्हेंज वर्गाच्या नशिबी मात्र डागडुजीच आली. म्हणून त्यांना अटलांटिकमधल्या मालवाहू ताफ्यांच्या राखणीला लावलं. ताफा सावकाशच चालतो; तिथे वेगाची उणीव भासत नाही.

८ फेब्रुवारी १९४१. ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या वेगवान जर्मन नौकांना हॅलिफॅक्सहून ब्रिटनकडे निघालेला एचएक्स-१०६ हा ताफा सापडला. सोबतीला रिव्हेंज वर्गातली ‘रॅमिलीज’ होती. ‘शार्नहॉर्स्ट’चे कप्तान हॉफमन यांनी सुचवलं, मी हिला लांब ओढून नेतो, तोवर ‘ग्नायझेनाउ’ने ताफा फोडावा. जर्मन तुकडीचे प्रमुख ॲडमिरल ल्युटयेन्स यांनी साफ नकार दिला आणि दोन्ही नौका माघारी वळवल्या. बरोबरीच्या युद्धनौकेशी झुंजायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. तो रास्तही होता : ‘रॅमिलीज’च्या आठ तोफांपैकी प्रत्येकीचा गोळा सुमारे ८८० किलोचा. असा एक जरी वर्मी बसला, तरी भर समुद्रात दुरुस्ती कोण करणार? रॉस्किल यांच्या ‘द वॉर ॲट सी’ या ब्रिटनच्या अधिकृत इतिहासात या प्रसंगाची नोंद आहे. एकही गोळा न डागता ताफा वाचला. याला कुचकामी म्हणायचं?

मर्यादा होत्याच, त्या झाकण्यात अर्थ नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौका सिलोनवर चालून आल्या, तेव्हा या वर्गाच्या चार नौका पूर्व आफ्रिकेतल्या किलिंडिनीला हलवाव्या लागल्या. ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल सॉमरव्हिल वेगवान नौका घेऊन मुंबईला आले. विमानांपुढे या नौकांचा निभाव लागला नसता.

आता किरकोळ गैरसमज :

• ‘पाचही नौका पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत लढल्या.’ फक्त ‘रिव्हेंज’ आणि ‘रॉयल ओक’.

• ‘रॉयल ओक लढाईत बुडाली.’ १४ ऑक्टोबर १९३९ रोजी स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदल तळावर नांगरलेली असताना यू-४७ या जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. आठशेहून अधिक माणसं गेली.

• ‘तोफा जुनाट होत्या.’ त्याच १५ इंची तोफा ‘हूड’ या नामांकित ब्रिटिश युद्धनौकेवरही होत्या.

• ‘१९४२ नंतर सगळ्या अडगळीत गेल्या.’ ६ जून १९४४ रोजी ‘रॅमिलीज’ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळे डागत होती, आणि ‘रॉयल सॉव्हरिन’ त्याच वर्षी ‘अर्खांगेल्स्क’ या नावाने सोव्हिएत नौदलात गेली.

किती बुडवल्या, हे मोजणं सोपं असतं. राखणीच्या नौकेचा हिशेब मात्र किती जहाजं सुखरूप बंदराला लागली, यावरच व्हायला हवा.