भोंग्याच्या मशीनवर गिटार

जळगाव जामोदच्या भागात व्हॉल्व्हचं मशीन गिटारसाठी आलं नाही. ते आलं लग्नासाठी, हरिनाम सप्ताहासाठी, निवडणुकीच्या प्रचारासाठी. लोखंडी पेटी, पुढे तीन-चार बटणं, मागे काचेच्या नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, आणि बाहेर निंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा. माझ्याकडे आहे ते याच घराण्यातलं. लाऊडस्पीकरचा धंदा सोडलेल्या एका माणसाकडून ते घेतलं आणि आता त्यावर इलेक्ट्रिक गिटार वाजते.

हा संबंध ओढून-ताणून आणलेला नाही. गिटारचा ॲम्प्लिफायर मुळात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातूनच वर आला. लिओ फेंडर यांचं कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये असंच दुकान होतं आणि ते लाऊडस्पीकरचे सेट भाड्यानेही देत. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात 1962च्या सुमारास जे पहिलं मशीन जुळलं, ते फेंडरच्याच ‘बासमन’ ॲम्प्लिफायरच्या सर्किटवर बेतलेलं होतं. सभेच्या मशीनमध्ये आणि या मशीनांमध्ये नात्यातल्याच नळ्या: आवाज उचलायला छोटी ईसीसी83, जोर द्यायला ईएल84 किंवा ईएल34. आपल्याकडे 1954 साली बंगळुरूत स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओच्या नळ्या बनवल्या. काचेवर ‘बीईएल’ छापलेली जुनी नळी आजही हाती लागली की मला फार आनंद होतो.

नळीचं काम समजायला सोपं आहे. 6.3 व्होल्टवर तार तापते, तिच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तीन-चारशे व्होल्टवर असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. गिटारच्या पिकअपमधून आलेला इवलासा विद्युतदाब त्या जाळीवर पडला की मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. जाळीला झेपेल त्यापेक्षा जास्त दिलं, की लहरीचं टोक एकदम छाटलं न जाता हळूहळू गोल दबतं आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात उमटतात: तार षड्ज, त्यावरचा पंचम, आणखी वरचे. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवतात, तेव्हा आवाज जसा उघडतो, तसंच हे. सभेच्या मशीनला हा दोष होता, कारण वक्त्याचा शब्द फाटायचा. गिटारला तोच कंठ मिळाला.

‘दम मारो दम’च्या सुरुवातीची 1971 सालची गिटार भूपिंदर सिंग यांची. माझ्या मते आपल्या गावांनी इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा ऐकली ती अशीच, लग्नाच्या मांडवात, व्हॉल्व्हच्या मशीनमधून आणि भोंग्यातून.

वाजवताना हात बदलावा लागतो. हलका आघात स्वच्छ येतो, जोराचा फाटतो, त्यामुळे मशीनच्या बटणापेक्षा उजवा हात आणि गिटारवरचा व्हॉल्यूम जास्त कामाचे. फाटलेल्या आवाजात षड्ज-पंचम एकत्र वाजवले तर भक्कम उभे राहतात. षड्ज-गंधार वाजवले तर दोघांच्या मिसळणीतून नको ते सूर निघतात आणि सगळं गढूळ होतं. एका वेळी अनेक सूर न छेडता एकेक स्वर ओढून वाजवणाऱ्याला हे मशीन भरभरून देतं. म्हणूनच मला त्यावर अभंगाची चाल वाजवायला आवडते. स्वर लांबतो, मींड तुटत नाही.

भोंगा मात्र मी काढून टाकला. त्यातून खर्ज येतच नाही. फळीच्या खोक्यात बारा इंची कागदी कोनचा स्पीकर बसवला. जोडताना 100 व्होल्टची लाइन सोडून आठ ओहमचं टर्मिनल घ्यायचं, आणि स्पीकर न लावता मशीन वाजवायचंच नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जुन्या दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगची तिसरी पिन आधी बसवून घ्यावी. गिटारच्या तारा हातात असतात, इथे हयगय नको. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. पेटी उघडणं जाणकाराचंच काम.

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं आणि आवाज मऊ, थकलेला होतो. म्हणून स्टॅबिलायझर लागतोच. गुणगुण वाढली तर फिल्टरचे कॅपॅसिटर सुकले असं समजावं. आपली वीज 50 हर्ट्झची. ती एकदिश झाल्यावर गुणगुण उठते 100 हर्ट्झवर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाच आणि काळी चारच्या दरम्यान. वाजवणाऱ्याच्या कानाला ती फार टोचते. कॅपॅसिटर पडून राहिले तरी खराब होतात, त्यामुळे असं मशीन शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते वाजत ठेवावं लागतं.

नळ्यांची चिंता नाही. स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये त्या अजून बनतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येते. खरी काळजी ट्रान्सफॉर्मरची. भंगारात गेलेली पेटी तांब्यासाठी फोडतात, आणि त्या मापाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणं खर्चाचं, खटपटीचं काम. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या लाऊडस्पीकरवाल्याच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर किलोवर जाण्याआधी तिचा ट्रान्सफॉर्मर कुणा जाणकाराला दाखवा.