खेळातल्या नकाशावर गावठाण कुठे?

१९८९ साली विल राइट यांचा ‘सिमसिटी’ हा संगणकावरचा खेळ सुरू केला, की पडद्यावर मोकळी जमीन, पाणी आणि थोडी झाडी दिसे. खेळाडूने रस्ते टाकायचे, वीज आणायची, निवासी, व्यापारी आणि औद्योगिक भूखंड आखायचे. मग वस्ती आपोआप वाढायची किंवा ओसरायची.

या ‘आपोआप’मागे गणित आहे. नकाशा १२० बाय १०० चौकोनांचा. वीज, प्रदूषण, जमिनीचा भाव यांवर भूखंडाचं भवितव्य ठरतं. घरापासून रस्त्याने किंवा रुळांवरून ठरावीक अंतरात कामाचं ठिकाण गाठता आलं नाही, तर वस्ती खुरटते. नवी मुंबईकरांनी हा नियम अनुभवला आहे: शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, मानखुर्दहून लोकल वाशीला यायला १९९२ उजाडलं.

पुढे प्रोग्रामर डॉन हॉपकिन्स यांनी हा खेळ युनिक्सवर नेला. मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या एका जागतिक प्रकल्पाच्या निमित्ताने, जानेवारी २००८ मध्ये ही युनिक्स आवृत्ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुली झाली. ‘सिमसिटी’ हा ट्रेडमार्क असल्याने तिला राइट यांनी सुरुवातीला योजलेलं ‘मायक्रोपोलिस’ हे नाव मिळालं. चाहत्यांनी ती जावास्क्रिप्टमध्ये उतरवली. आता ती ब्राउझरमध्येही चालते.

खुल्या कोडमुळे खेळाची गृहीतकं वाचता येतात. त्यांतलं सर्वांत मोठं: जमीन रिकामी आहे. नवी मुंबईची जमीन मात्र रिकामी नव्हती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली, तेव्हा तिथे आगरी-कोळ्यांची वस्ती, भातशेती, मिठागरं होती. सिडकोच्या हद्दीत ९५ गावं आली. भूसंपादनाविरुद्धच्या १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

मायक्रोपोलिसमध्ये गावठाणाचा चौकोन लिहिता येईल: बुलडोझरने न पुसला जाणारा, विकासात वाटा मागणारा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प जरूर द्यावा. खऱ्या शहरांच्या नियोजनातही संगणकीय प्रारूपं वापरली जातात. त्यांत कोणाला जागा दिली आणि कोणाला वगळलं, हे तपासायचं तर त्यांचेही नियम नागरिकांसाठी खुले हवेत.