मोटारीच्या काचा आणि त्यांवरील फिल्म

आमच्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या दारी आता मोटार उभी असते, आणि चैत्र लागला की रविवार पेठेतील गादीवर धान्याच्या भावाबरोबर काचांना कोणती फिल्म लावावी ह्याचीही चर्चा रंगते. ह्या बाबतीत आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी बाजारपेठेवर न लिहिता आम्ही हाच विषय मागून घेतला.

आमच्या चिरंजीवांनी नव्या मोटारीच्या बाजूच्या काचांना गडद काळी फिल्म लावून आणली, तेव्हा आम्ही काही बोललो नाही. उन्हाने घरच्या मंडळींचा हात भाजत असे. शिवाय, खरे सांगावयाचे तर, बाहेरून कोणास काही दिसत नाही ह्यात आम्हांसही थोडी प्रतिष्ठा वाटली. पुढे आषाढात एके दिवशी आम्ही दुकान बंद करून टिळकवाडीत परतत होतो. 1924 च्या अधिवेशनाची आठवण नावात बाळगणाऱ्या काँग्रेस रोडवर संध्याकाळीच अंधारून आले होते आणि पाऊस कोसळत होता. दुसऱ्या रेल्वे गेटाकडे मोटार डावीकडे वळली आणि दाराला काहीतरी घासले. उतरून पाहतो तो डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला, आमच्याच गोदामातील एक जुना हमाल सायकलीसह पाण्यात पडलेला!

त्याचे मनगट मुरगळले. दोन आठवडे त्यास पोते उचलता आले नाही. औषधपाणी व मजुरी आम्ही दिली, परंतु त्याने उठता उठता जे शब्द उच्चारले ते आमच्या मनातून जात नाहीत. तो म्हणाला, "मालक, म्या हात केला. तुमी बघितलासा म्हणूनच फुडं आलो."

आम्ही त्यास पाहिले नव्हते. आणि आम्ही पाहिले नाही, हे त्यासही काळ्या काचेमुळे कळले नव्हते. रस्त्यावर सायकलवाला किंवा पादचारी चालकाच्या चेहऱ्याकडे पाहूनच पुढे जावे की थांबावे हे ठरवितो. काच काळी झाली की ही मूक बोलणी बंद पडतात. तोपर्यंत आम्ही काचेचा विचार केवळ आत बसणाऱ्याच्या सोयीने केला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ह्या विषयाची चौकशी आरंभिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 अन्वये पुढील व मागील काचेतून निदान 70 टक्के, आणि बाजूच्या काचांतून निदान 50 टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर कोणत्याही प्रकारची काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली व ती 4 मेपासून अंमलात आली. त्या उन्हाळ्यात चौकाचौकांत पोलीस नखांनी फिल्मा सोलीत असल्याचे दृश्य अनेकांस स्मरत असेल. पुढे नियमात दुरुस्ती झाली. 1 एप्रिल 2021 पासून आतील बाजूस प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षित काचही मान्य झाली, मात्र ती भारतीय मानक 2553, भाग 2 (2019) प्रमाणे असावयास हवी. ह्याच आधारावर सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणात बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असा निर्णय दिला. निर्णय केरळचा असला तरी नियम साऱ्या देशाचा आहे. आपण तर सीमेवरची माणसे. सकाळी निपाणीवरून कोल्हापूर, दुपारी चोर्ल्याच्या घाटाने गोवा. तीन राज्यांच्या पोलिसांना तोंड द्यावयाचे असल्याने फिल्मचे प्रमाणपत्र व पावती गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. तरीही एखादा अंमलदार हुज्जत घालणारच नाही, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही.

आता हिशेबाची गोष्ट. "ही पन्नास टक्क्यांची फिल्म आहे, कायद्यात बसते," असे आम्हांस सांगितले जाते आणि आम्ही मान डोलवितो. वस्तुतः टक्का कशावर, हे विचारल्यावाचून आपण ज्वारीचे एक पोतेही घेत नाही! कारखान्यातून येणारी काच मुळातच थोडी हिरवट असते. समजा, तिच्यातून 75 टक्के प्रकाश येतो. तिजवर 50 टक्क्यांची फिल्म बसविली की उरतो साडेसदतीस टक्के, म्हणजे नियमभंग. 70 टक्क्यांची बसविली तर साडेबावन्न, म्हणजे जेमतेम पास. पुढच्या काचेस तर पारदर्शकप्राय फिल्मवाचून दुसरे काही चालणारच नाही. सबब आधी कोरी काच मीटरने मोजून घ्यावी, मग फिल्म निवडावी, आणि बसविल्यावर पुन्हा मोजावी.

काळोख म्हणजे थंडावा, हा दुसरा गैरसमज. सूर्याच्या उष्णतेचा सुमारे अर्धा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. स्वस्तातील रंगीत फिल्म उजेड अडविते, ही उष्णता फारशी अडवीत नाही, आणि काही वर्षांनी जांभळी पडते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली परतविते, पण मोबाइलचे संदेश व फास्टॅग ह्यांत ती विघ्न आणू शकते. कोगनोळी आणि हत्तरगीच्या नाक्यांवर रांगेत मागे खोळंबलेल्यांचे शब्द ऐकून घेण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी ती पुढील काचेस लावावी. सिरॅमिक फिल्म महाग असते, पण फिकट असूनही अवरक्त किरण बऱ्यापैकी अडविते. त्वचेस व गादीच्या कापडास अपाय करणारे अतिनील किरण तर चांगल्या प्रतीची अगदी स्वच्छ फिल्मही जवळजवळ संपूर्ण रोखते.

दुकानात तांबडा दिवा लावून फिल्मखाली आपणांस हात धरावयास सांगतात. गंमत चांगली आहे, परंतु त्या दिव्यात मुख्यतः अवरक्त किरणच असतात. ही दाखविण्याची वानगी झाली, पोत्यातला माल नव्हे. एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते, हा आकडा मागावा. तो नेहमीच लहान असतो आणि म्हणूनच विक्रेता तो आपण होऊन सांगत नाही.

आमच्या काचांवरील काळी फिल्म आम्ही काढविली. मागील काचेवर धुके घालविणाऱ्या बारीक तारा असतात, त्या पात्याने खरवडल्यास तुटतात. तेव्हा वाफ देऊन सावकाश काढण्यास सांगावे. बाजूस 70 टक्क्यांची सिरॅमिक बसविली, पुढील काच तशीच कोरी ठेवली. आंबोलीच्या धुक्यातून जाताना ह्या कोरेपणाचे मोल कळते. पूर्वीपेक्षा ऊन थोडे अधिक लागते, अशी घरातून तक्रार आहे व ती खरी आहे.

एक सूचना राहिली. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवितात आणि ते पाणी सुकावयास दिवस लागतात. तोवर काच खाली घेऊ नये. आम्ही घाईने श्रावणात काम केले, त्यामुळे पंधरा दिवस काचा दुधाळ दिसत होत्या. बेळगावकरांनी हे काम माघ-फाल्गुनात उरकून घ्यावे.