मायग्रेनची गोळी महिन्यातून किती दिवस घेतलेली चालते?

डोक्याची एक बाजू ठणकायला लागते. उजेड नकोसा होतो, मळमळतं. पर्समध्ये गोळ्यांची स्ट्रिप असतेच. एक गोळी घेतली, खोलीत अंधार करून पडलं की तास-दोन तासांत बरं वाटतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. स्ट्रिप संपली की रिकामं पाकीट मेडिकलमध्ये दाखवायचं आणि नवीन आणायची. डॉक्टरांना भेटून मात्र वर्ष होऊन गेलेलं असतं.

अर्धशिशी म्हणजेच मायग्रेनचा त्रास असलेल्या अनेकांचं असंच चालतं. गोळी किती मिलिग्रॅमची आहे, हे त्यांना पाठ असतं. पण या महिन्यात ती किती दिवस घेतली, असं विचारलं तर चटकन सांगता येत नाही. खरं तर मोजायला हवेत ते हेच दिवस. कारण एका मर्यादेच्या पुढे गेलं की डोकेदुखी थांबवणारी गोळीच डोकेदुखी वाढवू शकते.

ही मर्यादा किती आहे? कोणती गोळी कुणी टाळायला हवी? आणि कोणती औषधं एकत्र घेऊ नयेत?

आधी हे बघा, तुमची गोळी कोणत्या प्रकारची आहे?

मायग्रेनसाठी दोन प्रकारची औषधं दिली जातात. पहिली, दुखायला लागल्यावर घ्यायची. यात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यांसारखी वेदनाशामकं येतात. खास मायग्रेनसाठीची सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान गटातली औषधं येतात. आणि एर्गोटामिन असलेल्या गोळ्याही येतात.

दुसरी औषधं असतात अटॅक येऊच नये किंवा कमी यावेत म्हणून. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची नावं. ही औषधं डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत रोज घ्यायची असतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. डोकं दुखेल त्याच दिवशी यातली गोळी घेतली तर उपयोग होत नाही. आणि बरं वाटतंय म्हणून परस्पर बंदही करायची नसते. प्रोप्रॅनोलॉल तर अचानक सोडणं हृदयासाठी धोक्याचं ठरू शकतं.

गोळी नेमकी कधी घ्यायची?

"सहन होईल तोवर गोळी नको" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मायग्रेनमध्ये हे उलटं पडतं. अटॅकच्या वेळी जठराचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी रक्तात पोहोचायलाही उशीर होतो. त्यात उलटी झाली तर गोळीच बाहेर. म्हणून दुखणं सौम्य असतानाच घेतलेली गोळी जास्त चांगलं काम करते. काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या रेषा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. ट्रिप्टान मात्र ऑरा सुरू असताना नाही, तर डोकं दुखायला लागल्यावर घ्यायचं असतं.

एका गोळीने भागलं नाही तर? सुमाट्रिप्टानच्या दोन डोसांमध्ये किमान २ तासांचं अंतर हवं आणि प्रौढांनी २४ तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. तुमच्या डॉक्टरांनी त्याहून कमी लिहून दिलं असेल, तर तीच तुमची मर्यादा. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच अटॅकमध्ये दुसरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

१० दिवसांचा हिशोब

जगभरातले डॉक्टर डोकेदुखीचे प्रकार ठरवताना इंटरनॅशनल हेडेक सोसायटीचे निकष वापरतात. त्यात औषधांच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीची वेगळी नोंद आहे. ट्रिप्टान, एर्गोटामिन, ओपिऑइड किंवा एकाहून जास्त वेदनाशामकं एकत्र केलेल्या गोळ्या महिन्यातले १० किंवा त्याहून जास्त दिवस, आणि साधी वेदनाशामकं १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं ३ महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललं आणि महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखत असेल, तर ही शंका घेतली जाते.

इथे गोळ्या नाही, दिवस मोजायचे. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. पण वेगवेगळ्या गोळ्यांचे दिवस एकत्र धरायचे. पाच दिवस ट्रिप्टान आणि वेगळ्या सहा दिवशी दुसरी गोळी घेतली, तर झाले ११ दिवस. म्हणूनच अनेक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवसांच्या वर अशा गोळ्या घेऊ नका, असं सांगतात.

असं का होतं? वारंवार मिळणाऱ्या औषधाची मेंदूतल्या वेदनेच्या यंत्रणेला सवय होते आणि ती जास्त संवेदनशील बनते. औषधाचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखतं, मग पुन्हा गोळी. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड असणं, पूर्वी एका गोळीत थांबणारं दुखणं आता दोन गोळ्यांनीही न थांबणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. यातून बाहेर पडता येतं. गोळ्या कमी किंवा बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो, नंतर अनेकांना आराम पडतो. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं, कारण सोबत रोजचं औषध सुरू करावं लागू शकतं.

सुनेची गोळी सासूबाईंना का चालत नाही?

घरात कुणाचं डोकं दुखलं की "माझ्याकडे भारी गोळी आहे" म्हणून स्ट्रिप पुढे केली जाते. ट्रिप्टानच्या बाबतीत हे धोकादायक आहे. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं, हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या. त्यामुळे हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला असणं किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल तर ट्रिप्टान देत नाहीत. डायबिटिस, जास्त कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट असेल तर डॉक्टर आधी हृदयाची तपासणी करून घेऊ शकतात. सुनेला चालणारी गोळी म्हणून सासूबाईंना चालेलच असं नाही. स्वतःचं बीपीही वर्षानुवर्षं मोजलं नसेल, तर आधी ते मोजून घ्या.

बाजरीचा अरगट आणि एर्गोटामिन

बाजरी पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं बी काढून टाकतात. अरगट या बुरशीजन्य रोगापासून वाचण्याचा तो उपाय. याच बुरशीची एक बहीण राय या धान्यावर वाढते. मध्ययुगीन युरोपात असं धान्य खाल्ल्याने लोकांच्या हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून झडायची. १९१८ मध्ये याच राय-अरगटातून एर्गोटामिन वेगळं काढलं गेलं आणि पुढे ते मायग्रेनचं औषध बनलं.

भारतात मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्ये एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधं एकत्र असतात. एर्गोटामिन यकृतातल्या एका एन्झाइममुळे निकामी होतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स किंवा इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं हे एन्झाइम अडवतात. मग एर्गोटामिन शरीरात साचतं, हातापायांचा रक्तपुरवठा तुटतो आणि गँगरीनपर्यंत वेळ येऊ शकते. घसा धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात आणि मायग्रेनच्या गोळीचा विषयच निघाला नाही, तर ही चूक सहज घडू शकते. एर्गोटामिन घेताना बोटं बधिर, थंड किंवा निळसर झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

आणखी कोणत्या जोड्या टाळायच्या?

ट्रिप्टान आणि एर्गोटामिन २४ तासांच्या आत एकापाठोपाठ घेऊ नयेत.

प्रोप्रॅनोलॉल सुरू असेल तर रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. दम्याच्या रुग्णांनी तर प्रोप्रॅनोलॉलच टाळायचं असतं.

नैराश्यावरची औषधं सुरू असतील, तर ट्रिप्टान लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल, तर नेप्रोक्सेन, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं आणि मायग्रेनच्या एकत्रित गोळीतही. पाकिटामागची नावं वाचून बेरीज करा.

महिलांनी काय लक्षात ठेवायचं?

मायग्रेन पुरुषांपेक्षा महिलांमध्ये जास्त आढळतो. गरोदरपणात एर्गोटामिन घ्यायचंच नाही. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट यांमुळे बाळात व्यंग येऊ शकतं. त्यामुळे यातलं काही सुरू असेल तर मूल हवं असल्याचा विचार आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. ऑरासह मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. डोकेदुखीची तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगायला हवी, ती यासाठीच.

गोळी नको, थेट हॉस्पिटल कधी?

क्षणात शिगेला पोहोचलेली, आजवर कधीच झाली नव्हती अशी डोकेदुखी. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. ताप आणि मान आखडणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. यातलं काहीही असेल तर मायग्रेन समजून गोळी घेऊन झोपू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली किंवा गरोदरपणात नव्याने सुरू झाली, तर तीही लवकर तपासून घ्या.

मग आजपासून काय करायचं?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा मांडतो. तसंच ज्या दिवशी डोकं दुखलं तिथे एक रेघ मारा आणि गोळी घेतली असेल तर तिच्याभोवती गोल करा. झोप, उपवास, पाळी यांचीही नोंद ठेवता आली तर उत्तम. महिनाअखेरीस गोल मोजा. आठ-नऊच्या घरात गेले, तर नवी स्ट्रिप आणण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना ते कॅलेंडरचं पान आणि सुरू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. तुम्हाला रोजच्या औषधाची गरज आहे की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून बऱ्यापैकी ठरवता येतं.