वराच्या मित्राचे भाषण

विवाहविधी आटोपून मंडळी मेजवानीस बसली की वराच्या सोबत्याने चार शब्द बोलावेत, ही प्रथा आपल्या मंडळ्यांत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. हे भाषण उपासनेचा भाग नव्हे, म्हणून आपण धर्मगुरू त्याकडे सहसा लक्ष देत नाही. आम्हीही देत नव्हतो. एका विवाहात मात्र मित्राने हशा पिकविण्यासाठी वराच्या पूर्वीच्या प्रेमप्रकरणाचा किस्सा सांगितला. वधूपिता भरल्या ताटावरून उठला. दोन घरांतील तो अबोला मिटविण्यास आम्हांस कित्येक महिने खेपा घालाव्या लागल्या. त्या तरुणास आम्ही अगोदर काहीच सांगितले नव्हते, हा दोष आमचाच.

पवित्र शास्त्रात वराचे मित्र दोन प्रकारचे आढळतात. शास्ते ग्रंथाच्या १४व्या अध्यायात तिम्ना येथील मेजवानीत शमशोनाला ३० सोबती दिले होते. कोड्याचे उत्तर मिळावे म्हणून त्यांनी वधूलाच धमकावले. सात दिवसांची मेजवानी तिच्या अश्रूंत गेली आणि अखेर शमशोनाची पत्नी त्याच्याच सोबत्यास देण्यात आली. दुसरा मित्र योहानकृत शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात भेटतो. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःस वराचा मित्र म्हणवितो. वराची वाणी ऐकून तो हर्षित होतो आणि आपण मागे सरावे यातच आनंद मानतो. पहिल्याने मित्राची गुपिते हा खेळ मानला. दुसऱ्याने मित्राचा आनंद हेच आपले काम मानले. भाषण कोणत्या मित्राचे, एवढाच प्रश्न आहे.

पांढुर्णा व सावरगाव यांमधून वाहणाऱ्या जाम नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीस घेऊन नदी ओलांडत असता तिच्याकडील लोकांनी दगड मारले व तरुणाचे साथीदार त्याच्या मदतीस धावले, अशी आख्यायिका सांगतात. दोन कुळे जोडणारी वाट अशीच अरुंद असते. त्या क्षणी मित्राच्या हातून दगड सुटू नये. शब्दही दगडच होऊ शकतो.

यास्तव धर्मशिक्षकाने विवाहापूर्वी त्या तरुणास बोलावून पुढील गोष्टी समजावाव्यात. भाषण तीन-चार मिनिटांचे असावे. प्रथम आपली ओळख द्यावी. नंतर वराचा स्वभाव दाखविणारा एकच खरा प्रसंग सांगावा; केवळ विशेषणांनी स्तुती होत नाही. त्यानंतर वधूस नावाने व आदराने संबोधून तिच्या माहेरचे आभार मानावेत आणि आशीर्वचनाने समारोप करावा. विनोद वर्ज्य नाही. परंतु तो स्वतःवर करावा. जुनी प्रकरणे, हुंडा, रंगरूप व जात यांचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. वराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पंक्तीत उघड करणे म्हणजे विश्वासघातच होय.

जामसांवली, सौंसर या सीमाभागात घरी मराठी व शाळा-कचेरीत हिंदी चालते, आणि पंक्तीस हनुमानभक्त शेजारीही असतात. मित्राने सर्वांस समजेल असे साधे बोलावे. कोणाच्याही श्रद्धेची थट्टा करू नये.

आणखी एक गोष्ट. १९८३च्या कॅनन संहितेतील ११०८वा नियम विवाहास दोन साक्षीदार आवश्यक मानतो, आणि पुष्कळदा हा सोबतीच त्यांपैकी एक असतो. वेदीपुढे ज्याने साक्ष दिली, त्याची मेजवानीतील वाणी त्या साक्षीस विसंगत नसावी, एवढे आपण त्यास सांगू शकतो.